ओसॅप बाजूला, आधी बँकेची लाइन: मिसिसागातल्या एका घराचं प्रकरण

कुटुंब कॅनडातल्या ऑन्टारियो प्रांतातल्या मिसिसागातलं, चौघांचं. मुलीच्या शिक्षणासाठी ओसॅप, म्हणजे सरकारी मदत, न मागता यांनी आधी बँकेची क्रेडिट लाइन घेतली, त्याची ही गोष्ट. २०१२ साली पुण्याहून पीआरवर (कायमच्या वास्तव्याच्या परवान्यावर) आले, आता सगळे सिटिझन. बाबा आयटीत कॉन्ट्रॅक्टवर, आई डेकेअरमध्ये, थोरली मुलगी सप्टेंबर २०२१ मध्ये बिझनेस शिकायला ऑन्टारियोतल्याच दुसऱ्या गावी गेली, धाकटा आता बारावीत. मी त्यांचे टॅक्स रिटर्न भरते म्हणून आकडे माझ्यासमोर आहेत, आणि लिहायला त्यांची परवानगी आहे. बँक, युनिव्हर्सिटी आणि माणसं, कुणाचंच नाव घालत नाही.

पहिल्या वर्षाचा खर्च साधारण २६,००० डॉलर होता. ११,००० च्या आसपास फी आणि वरचे चार्जेस, उरलेले रेसिडन्स म्हणजे हॉस्टेल, मील प्लॅन, पुस्तकं, बस, थंडीचे कपडे. घरात आरईएसपी (मुलांच्या शिक्षणासाठीचं बचत खातं) होता पण उशिरा म्हणजे २०१५ ला सुरू केलेला. त्यात एका मुलामागे वर्षाला पहिल्या २,५०० डॉलरवर सरकार २० टक्के टाकतं, म्हणजे जास्तीत जास्त ५००, आणि आयुष्यभरात मिळून ७,२००. यांनी जमेल तसं भरलं, सगळं मिळून १७,००० च्या घरात होतं. दोघांचं मिळून २०२० चं उत्पन्न १,२८,०००, आणि गाडीचा हप्ता आणि घराचा हप्ता जाऊन शिल्लक किती राहते ते इथं राहणाऱ्या कुणालाही सांगायला नको.

आता इथं पहिला निर्णय झाला आणि माझ्या मते पुढचं सगळं त्यातूनच आलं. ओसॅपचा फॉर्म भरलाच नाही. म्हणजे ऑन्टारियोची सरकारी मदत, ज्यात केंद्र आणि प्रांत दोघांचं कर्ज आणि अनुदान एकाच अर्जात येतं, तिकडे कुणी फिरकलंच नाही. बाबांचं म्हणणं, "दोघं कमावतो, आपल्याला कशाला देतील?" आईचं म्हणणं वेगळं होतं, ती म्हणाली देतील किंवा नाही देतील, विचारायला काय जातंय, पण त्या आठवड्यात बाबा घराच्या कर्जाच्या काहीतरी कामाला ब्रांचमध्ये गेले होते, तिथल्या बाईंनी मुलगी युनिव्हर्सिटीला चाललीय हे ऐकलं आणि अर्ध्या तासात स्टुडंट लाइन ऑफ क्रेडिटचे कागद समोर ठेवले. ओसॅपच्या साइटवर एस्टिमेटर आहे, घरातली माणसं किती, उत्पन्न किती, कोर्स कुठला एवढं टाकलं की अंदाज येतो, त्याला सही लागत नाही काही नाही. तेसुद्धा कुणी उघडलं नाही. आपल्याकडे सरकारकडे हात पसरणं कमीपणाचं आणि बँकेनं बोलावून दिलेलं कर्ज मानाचं, असं काहीतरी डोक्यात असतं, ते मला अनेक घरांत दिसतं.

लाइन अशी होती: वर्षाला १५,००० पर्यंत उचल, चार वर्षांचे मिळून ६०,०००. व्याज प्राइम, म्हणजे बँकांचा मूळ दर, अधिक १ टक्का. शिक्षण चालू असेपर्यंत आणि नंतर १२ महिने फक्त व्याज भरायचं, मग मुद्दल सुरू. बाबा को-सायनर, म्हणजे कर्जाला सोबत सही करणारे. दरवर्षी एनरोलमेंटचं पत्र द्यायचं की पुढच्या वर्षाचे १५,००० मोकळे होणार. कर्जासारखे सगळे पैसे एकदम अंगावर पडत नाहीत, लागतील तसे काढायचे, काढले तेवढ्यावरच व्याज, परत भरले की पुन्हा काढता येतात. वाईट वस्तू अजिबात नाही, हे आधीच सांगते. मेडिकलला गेलेल्या मुलांना तर हीच लाइन प्राइमपेक्षा पाव टक्का कमी दरानं आणि लाखांमध्ये मिळते, त्यांचं पूर्ण शिक्षण त्यावर चालतं आणि पुढे डॉक्टर झाल्यावर फिटतंही. पण बिझनेसच्या पदवीला पुढचा पगार तेवढा ठरलेला नसतो ना.

सप्टेंबर २०२१ ला प्राइम होता २.४५. म्हणजे यांचा दर ३.४५. पहिली उचल ६,०००, महिन्याचं व्याज सतरा डॉलर. सतरा! मुलगी म्हणाली, "बाबा, माझं फोनचं बिल याच्या तिप्पट आहे." आणि मग आरईएसपीला हात लावायचा नाही असं ठरलं, कारण ते मार्केटमध्ये वाढतंय आणि लाइन तर जवळपास फुकट आहे. कागदावर हिशोब बरोबरच होता, पण दोन्ही टोकं मोकळी होती. मार्केट वर जाईल हा अंदाज, आणि प्राइम इथंच राहील हा त्याहून मोठा अंदाज.

मार्च २०२२ पासून बँक ऑफ कॅनडानं, म्हणजे इथल्या मध्यवर्ती बँकेनं, दर वाढवायला सुरुवात केली. ०.२५ वरून जुलै २०२३ पर्यंत ५ टक्के. प्राइम २.४५ चा ७.२० झाला, यांचा दर ८.२०. इकडे मुलगी दरवर्षी सप्टेंबरला ६,००० आणि जानेवारीला ६,००० काढतेय. सप्टेंबर २०२२ ला बाकी १८,००० आणि महिन्याचं व्याज ९७ च्या आसपास. जानेवारी २०२३ अखेरीला २४,००० वर १५४. सप्टेंबर २०२३ ला ३०,००० वर २०५. जानेवारी २०२४ ला ३६,००० वर २४६.

यात थोडं थांबून बघा, कारण घरात या आकड्यावरून भांडण झालं होतं. बाबा म्हणत होते पोरीनं उधळले. पण ३६,००० वर जुना ३.४५ चा दर असता तर महिन्याला १०३ पडले असते. उरलेले १४२-१४३ निव्वळ दर वाढल्यामुळे. पोरीनं काही केलं नव्हतं. बरं, अगदी काहीच नाही असंही नाही. जानेवारी २०२३ चे सहा हजार मी स्टेटमेंटवर बघितले: ५,१५० फी आणि भाड्याला गेले, ते ठीक. मग ४००, मग २५०, मग २००, असे छोटे ट्रान्सफर चेकिंग अकाउंटला. रीडिंग वीकला, म्हणजे सेमिस्टरमधल्या सुट्टीत, मैत्रिणींबरोबर माँट्रियल, एक जॅकेट, आणि एकदा बेसमेंट सोडताना सामान हलवायला व्हॅन. वीस वर्षांच्या पोरीनं एवढंही करू नये असं माझं म्हणणं नाही, पण ८ टक्क्यांचं जॅकेट घेतोय हे फोनच्या अॅपवर कळत नाही, तिथं लाइन आणि सेव्हिंग शेजारी शेजारी सारख्याच अक्षरात दिसतात.

त्याच घर बदलण्याच्या धांदलीत अजून एक झालं. व्याज तिच्या चेकिंगमधून आपोआप कटायचं, त्या दिवशी खात्यात साठ-सत्तरच डॉलर होते. बाउन्स झालं, ४८ डॉलर एनएसएफ फी लागली, आणि ते व्याजही राहिलं. तिनं मेल उघडलीच नाही, महिना उलटून गेला. थकल्याची नोंद तिच्या क्रेडिट रिपोर्टला लागली तशी बाबांच्याही लागली. को-सायनर म्हणजे कागदावर दुसरं नाव नाही, कर्ज त्याचंही तेवढंच असतं. गावाकडे सोसायटीच्या कर्जाला जामीन राहिलेल्या माणसाला हे सांगावं लागत नाही, इथं मात्र "फॉर्मॅलिटी आहे" म्हणून सही मारतात.

मार्च २०२४ ला टॅक्सच्या वेळी बाबा फाइल घेऊन आले, त्यात बँकेचा कागद, २०२३ चं एकूण व्याज २,०७७ डॉलर. म्हणाले, "ताई, हे एज्युकेशन लोनचं व्याज, लाइन ३१९०० ला टाका." ही लाइन म्हणजे टॅक्स रिटर्नमधली ओळ. त्यांच्या डोक्यात भारतातलं आयकराचं ८०ई कलम होतं. तिकडे बँकेकडून घेतलेल्या शैक्षणिक कर्जाचं व्याज आठ वर्षांपर्यंत उत्पन्नातून वजा होतं. इथं ३१९०० ही सवलत फक्त सरकारी विद्यार्थी कर्जाच्या व्याजाला आहे. बँकेची स्टुडंट लाइन, नावात स्टुडंट असलं तरी, बसत नाही. आणि उद्या बँकेचा दर स्वस्त पडतो म्हणून सरकारी कर्ज तिच्या लाइनमध्ये वळतं केलं तर त्याचीही सवलत जाते, हे पण लोकांना माहीत नसतं. त्या २,०७७ वर केंद्र १५ आणि ऑन्टारियो ५.०५ टक्के धरले तर चारशे डॉलरच्या वर सवलत झाली असती. तेवढ्यासाठी कुणी कर्ज घेत नाही, पण बाबांचा चेहरा तिथं पडला.

खरा फटका चारशेचा नव्हताच. १ एप्रिल २०२३ पासून केंद्राच्या विद्यार्थी कर्जावर व्याजच नाही, कायमचं. त्याच्याआधीची दोन वर्षं कोविडमुळे तात्पुरतं बंद होतं. म्हणजे ही मुलगी ज्या सप्टेंबरला शिकायला लागली तेव्हापासून आजपर्यंत केंद्राच्या कर्जावर एक सेंट व्याज लागलेलं नाही, आणि हे घर त्याच काळात ३.४५ पासून ८.२० पर्यंत मोजत होतं. ऑन्टारियोच्या हिश्श्यावर व्याज आहे, प्राइम अधिक १, पण तेही शिक्षण संपल्यावर सुरू होतं. शिवाय सरकारी कर्जाला पगार कमी असेल तर आरएपी, म्हणजे परतफेडीत मदतीची योजना, आहे: एकट्या माणसाचं उत्पन्न साधारण ४०,००० च्या आत असेल तर हप्ता शून्य, वर गेलं तरी उत्पन्नाच्या १० टक्क्यांपुढे नाही. बँकेच्या लाइनला असलं काही नाही. नोकरी गेली तर बँक फोन करणार, आधी मुलीला आणि मग बाबांना.

मग त्या मार्चमध्ये टेबलावर सगळं मांडून ठरवलं. २०२३-२४ साठी ओसॅप मागायला उशीर झाला होता, अभ्यासक्रमाचं ते वर्ष संपायच्या ६० दिवस आधीपर्यंतच अर्ज घेतात आणि यांचं एप्रिलमध्ये संपत होतं. जुन्या वर्षांचं ओसॅप घेऊन लाइन फेडता येते का, असं आईनं विचारलं, तसं होत नाही, ते त्या त्या वर्षाच्या खर्चालाच मिळतं. चौथं वर्ष मात्र हातात होतं. योगायोग असा की ऑगस्ट २०२३ ला बाबांचं कॉन्ट्रॅक्ट संपलं होतं आणि दुसरं मिळायला वेळ लागला होता, म्हणून २०२३ चं घराचं उत्पन्न ९२,००० वर आलं होतं, आणि २०२४-२५ च्या ओसॅपला तेच वर्ष बघतात. (ज्यांचं उत्पन्न चालू वर्षातच पडलंय त्यांना रिव्ह्यू मागता येतो, तेही विसरू नका.) मे महिन्यात फॉर्म भरला, पालकांच्या सह्या, एमएसएफएए हा सरकारी कर्जाचा करार, सगळं ऑनलाइन. मिळाले ९,६००. त्यातले २,१०० अनुदान, परत करायचेच नाहीत. बाबा दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत, असं आई हसत हसत सांगते.

आरईएसपी २०२२ च्या पडझडीत खाली जाऊन परत १६,००० च्या आसपास आला होता, म्हणजे तीन वर्षं न शिवता ठेवून वाढ काही झाली नाही आणि शेजारी लाइन ८ टक्क्यांनं चालू. त्यातले ९,००० चौथ्या वर्षाला काढले. प्लॅन फॅमिलीचा, म्हणजे दोन्ही मुलांना मिळून एकच, होता म्हणून उरलेले धाकट्याला राहिले. आरईएसपीतून निघणारं अनुदान आणि वाढ मुलाच्या उत्पन्नात धरतात, म्हणून ज्या वर्षी त्याची कमाई जवळपास शून्य असते, म्हणजे बहुतेकदा पहिलं दुसरं वर्ष, तेव्हा काढलेलं सोयीचं. पहिल्या १३ आठवड्यांत हा भाग किती काढायचा याला मर्यादा आहे, तेव्हा ती ५,००० होती आणि २०२३ पासून ८,००० झाली. भरलेल्या मूळ पैशांना ती मर्यादा नाही. ही मुलगी चौथ्या वर्षाआधी इंटर्नशिपला गेली, त्यामुळे तिला थोडा टॅक्स पडला. मोठा नाही.

इंटर्नशिपच्या पगारातले ४,००० तिनं स्वतःहून लाइनमध्ये भरले, ३६,००० चे ३२,००० झाले. आणि लाइनवर बॅलन्स प्रोटेक्शन नावाचा विमा पहिल्या दिवसापासून लागलेला होता, महिन्याला वीसेक डॉलर, सह्यांच्या गठ्ठ्यात ती टिकसुद्धा झाली होती आणि घरात कुणाला पत्ता नव्हता. फोन करून बंद केला. चौथ्या वर्षी लाइनमधून उचल शून्य.

एक गोष्ट मात्र सुधारता आली नाही. ऑक्टोबर २०२४ ला घराच्या कर्जाचं रिन्यूअल होतं, २०१९ चा तीन टक्क्यांच्या आतला दर संपत होता. दुसरा लेंडर जरा बरा दर देत होता. पण दुसरीकडे जायचं म्हणजे नव्यानं पात्रता तपासणार, त्यात बाबांच्या नावावर ३२,००० ची लाइन दिसते. महिन्याला खरं व्याज दोनशेच्या आसपास जात असलं तरी बरेच लेंडर विनातारण लाइनवर जेवढी बाकी असेल तिच्या ३ टक्के रक्कम महिन्याचा हप्ता म्हणून धरतात, म्हणजे ९६०. कॉन्ट्रॅक्टचं उत्पन्न आधीच घटलेलं, वर ९६०, वर स्ट्रेस टेस्ट, म्हणजे दर आणखी वाढला तर झेपेल का याची तपासणी. गणित बसेना. जुन्याच लेंडरकडे, तो देईल त्या दराला सही केली. मुलीच्या फीचं कर्ज आईबाबांच्या घराच्या व्याजात असं शिरतं, आणि हे ब्रांचमध्ये त्या अर्ध्या तासात कुणी बोललं नव्हतं.

आजची स्थिती. मुलगी एप्रिल २०२५ ला सुटली, तोपर्यंतचं लाइनचं व्याज मी महिन्याच्या बाकीवरून जोडलं तर सव्वासहा हजारांच्या आसपास येतं. नोकरी ऑगस्टला लागली. मधले महिने पोरांना इथं नोकऱ्या मिळत नव्हत्या आणि व्याज बाबांनी भरलं. ऑक्टोबर २०२५ च्या कपातीनंतर प्राइम ४.४५, यांचा दर ५.४५, ३२,००० वर महिन्याचं व्याज १४५. बँकेनं दहा वर्षांत फेडायचा पर्याय पुढे केला, हप्ता ३४६ च्या आसपास, ऐकायला गोड. पण दर असाच राहिला तरी एकूण व्याज साडेनऊ हजारांच्या वर जातं. तेच पाच वर्षांत ६१० नं फेडलं तर साडेचार हजारांच्या थोडं वर. मुलीनं पाच वर्षं धरलीत, आणि मुदतीची वाट न बघता डिसेंबरपासूनच ६१० टाकायला लागलीय, घरीच राहतेय म्हणून जमतंय.

ओसॅपचं ७,५०० चं कर्ज ती मुद्दाम कमीत कमी हप्त्यानं, सत्तरेक डॉलरनं, चालू ठेवतेय. मैत्रिणी म्हणतात लहान कर्ज आधी संपव. मला तिचं पटतं. त्यातल्या केंद्राच्या भागावर व्याज नाही, ऑन्टारियोच्या भागाचा दर लाइनएवढाच पण त्याचं व्याज ३१९०० ला बसतं, आणि उद्या नोकरी गेली तर आरएपी तिथंच आहे. लाइनवर मात्र बाबांचं नाव आहे.

हे वाचून पुण्या-नाशकातले काही जण विचारतील की आमचा मुलगा कॅनडात शिकायला चाललाय, त्याला अशी लाइन मिळेल का. स्टडी परमिटवाल्याला ओसॅप नाही, आणि स्टुडंट लाइनला साधारणपणे सिटिझन किंवा पीआरच लागतो. इथला चुलत काका को-सायनर झाला म्हणून तो नियम सहसा बदलत नाही. त्यांचा रस्ता भारतातल्या बँकेचा, आणि सरकारी बँकेत साडेसात लाखांच्या वर सहसा तारण मागतात हे धरूनच चाला.

धाकट्याचा प्रश्न अजून चालू आहे. आईनं एस्टिमेटरमध्ये आकडे टाकून ठेवलेत, आरईएसपीतले उरलेले पहिल्याच वर्षी काढायचे असं ठरलंय. बाबांना त्याच्या नावानंही एक लाइन उघडून ठेवायचीय, वेळेला असावी म्हणून. माझी हरकत नाही, ओसॅपचं पत्र हातात आल्यावर, उरेल त्या खड्ड्यापुरती, आणि को-सायनर म्हणून सही करायच्या आधी मोठीच्या लाइनवरून बाबांचं नाव निघतंय का ते बघून. त्यासाठी बँकेनं मुलीची वर्षभराची पक्की नोकरी आणि न चुकलेले हप्ते मागितलेत, म्हणजे ऑगस्ट २०२६ च्या आधी अर्जच करता येणार नाही, आणि धाकट्याची फी सप्टेंबरला भरायचीय.